एकच पाणी दोनदा मोजलं : पठारावरच्या एका पाणलोटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं हे एक पठार. वर गाव, कड्याखाली वाडी, आणि दोन्हीच्या मधून उतरणारा एकच ओढा. गावाचं आणि माणसांचं नाव मी इथे देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. हिशेब समजावा म्हणून आकडे गोल केले आहेत: पाणलोट १,००० हेक्टरचा, पाऊस ५०० मिलिमीटरचा आणि शेततळी १०० धरली आहेत. मात्र चूक झाली ती याच क्रमाने झाली आणि सापडली तीही याच क्रमाने.

पठारावर खरिपाला बाजरी आणि मूग. पाणी असेल त्याचा रांगडा कांदा, मग गावरान कांदा, आणि गेल्या काही वर्षांत डाळिंब. खाली वाडीत बहुतेक कोरडवाहू ज्वारी. वाडीला पिण्याच्या पाण्यासाठी ओढ्याकाठी एक सार्वजनिक विहीर आहे. दुसरा स्रोत नाही.

जमिनीखाली आपला नेहमीचा दख्खनचा बसाल्ट. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा खडक, मग काळा पाषाण, कुठे मधेच तांबड्या बोलाचा, म्हणजे लाल मातकट थराचा पट्टा. पाणी राहतं ते मुरमात आणि मांजऱ्यात. पाषाणात भेग सापडली तरच पाणी, नाहीतर कितीही खोल जा, भुकटीच वर येते. पठारावरच्या विहिरी ज्या मांजऱ्यात उतरल्या आहेत तोच थर कड्याच्या पायथ्याशी उघडा पडतो आणि वाडीची विहीर त्याच थरावर आहे, हे आम्हाला सुरुवातीला ठाऊक नव्हतं. वाडीतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

पाणलोटाची कामं या गावात भरपूर झाली होती. माथ्यावर समतल चर, ओढ्यावर सिमेंट बंधारे, एक जुना पाझर तलाव, नाला खोलीकरण. शिवाय ३० मीटर बाय ३० मीटर, ३ मीटर खोल अशी शेततळी, बहुतेक सगळी ‘कागद’ टाकलेली, म्हणजे प्लास्टिकचं अस्तर असलेली.

अडचण

२०१८ चा पावसाळा वाईट गेला. त्या ऑक्टोबरअखेर राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुढच्या उन्हाळ्यात वाडीची विहीर लवकरच कोरडी पडली आणि टँकर सुरू झाला. तो दुष्काळच होता, त्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते नंतर. २०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस बरा झाला, बंधारे भरून वाहिले, आणि तरीही फेब्रुवारी संपता संपता वाडीच्या विहिरीनं तळ दाखवला. पठारावर कांदा हिरवागार होता. वाडीतल्या एका मावशींनी आम्हाला विहिरीच्या कठड्याशी नेलं आणि दोर किती पुरतो ते दाखवलं. “बंधारे झाले तवा सांगितलं व्हतं, पाणी वाढंल. मंग वाढल्यालं पाणी गेलं कुठं?”

या प्रश्नाला सरळ उत्तर देता येईना, म्हणून ग्रामपंचायतीनं आमच्या छोट्या अभ्यासगटाला संपूर्ण पाणलोटाचा ताळेबंद मांडायला सांगितलं. सरपंच ताईंची अट एकच होती: “दोन्हीकडच्या लोकांना पटंल असा हिशेब द्या. माझ्या बाजूचा नको.”

पहिला ताळेबंद

आधी उपग्रहाचं पाहू. सेंटिनेल-२ ही उपग्रहांची जोडी दर ५ दिवसांनी एकाच जागेवरून जाते आणि १० मीटरचा चौकोन वेगळा दाखवते. ३० मीटर बाय ३० मीटरचं शेततळं त्यात कसेबसे ९ चौकोन व्यापतं, त्यातलेही कडेचे अर्धे पाण्याचे, अर्धे भरावाचे. पीक किती पाणी पितं ते कळायला लँडसॅट ८ चे उष्णतेचे फोटो वापरले. घाम आला की अंग गार पडतं तसंच पाणी मिळालेलं पीक आपल्या आजूबाजूच्या कोरड्या जमिनीपेक्षा थंड असतं. त्या फरकावरून बाष्पोत्सर्जन, म्हणजे पिकातून आणि जमिनीतून हवेत उडून जाणारं पाणी, काढता येतं. अडचण अशी की लँडसॅट ८ दर १६ दिवसांनी येतो आणि त्याच्या उष्णतेच्या मापाचा चौकोन १०० मीटरचा. २० गुंठ्यांचं वावर म्हणजे ४५ मीटर बाय ४५ मीटर. एका चौकोनात चार-पाच जणांची वावरं एकत्र मिसळतात. म्हणून एका शेतकऱ्याचा हिशेब यातून काढायचा नाही, शिवाराचा काढायचा, हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं. तो निर्णय बरोबर ठरला.

गावात कुणी ना कुणी विचारतंच, “उपग्रहातून जमिनीखालचं पाणी दिसत नाय का?” दिसतं, पण असं नाही. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस या जुळ्या उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातला सूक्ष्म बदल मोजून वायव्य भारतातली भूजलाची घट दाखवली होती. २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घनकिलोमीटर, असा तो अंदाज २००९ मध्ये जाहीर झाला. मात्र ग्रेसची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर असायची. आमचा पाणलोट त्यात ठिपकासुद्धा नाही. इथे विहिरीत टेप सोडण्याला पर्याय नव्हता.

पाऊस मोजतानाही हीच अडचण आली. महसूल मंडळाचं स्वयंचलित हवामान केंद्र पठाराच्या पलीकडे, आणि वळवाचा पाऊस तर ओढ्याच्या एका काठावर पडतो, दुसऱ्या काठावर नाही. उपग्रहावरून काढलेल्या पावसाचा चौकोन सुमारे ५ किलोमीटरचा. म्हणून शाळेच्या आवारात साधं पर्जन्यमापक बसवलं. सातवीच्या मुली रोज सकाळी साडेआठला काचेच्या नळीत पाणी ओतून डोळ्यांच्या पातळीवर धरायच्या आणि वहीत आकडा लिहायच्या. कोरड्या दिवशीसुद्धा ‘०.०’ लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही, हे त्यांच्या बाईंनी पक्कं शिकवलं होतं. आमच्या सगळ्या माहितीत सर्वात विश्वासाची ती वही होती.

पाण्याचा हिशेब संगणकावर मांडणारं मॉडेल कोणतं घ्यायचं, हा पहिला मोठा निर्णय. भूजलाचा प्रवाह थराथराने दाखवणारं मॉडफ्लो घ्यावं असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. पण त्याला खडकाचे थर, भेगा आणि प्रत्येक थराची पाणी वाहून नेण्याची क्षमता लागते. आमच्याकडे एकाही बोअरची धड नोंद नव्हती. नसलेली माहिती अंदाजाने भरून सुंदर रंगीत नकाशा निघाला असता आणि लोकांनी तो खरा मानला असता. म्हणून साधं, रोजच्या हिशेबाचं मॉडेल घेतलं: पडलेल्या पावसातून माती आणि पिकानुसार अपधाव, म्हणजे वाहून जाणारं पाणी, वजा, मातीतली ओल वजा, उरलेलं खाली मुरलं. आयआयटी मुंबईनं पोकरा या राज्याच्या शेती प्रकल्पातल्या गावांसाठी केलेल्या ताळेबंदाची विचारपद्धती साधारण अशीच आहे आणि ती आपल्याकडच्या मातीला जुळते.

आता आकडे. १,००० हेक्टरवर ५०० मिलिमीटर म्हणजे ५० लाख घनमीटर पाणी. यातलं बहुतेक माती आणि पिकं पितात, काही वाहून जातं. खाली किती मुरतं? सरकारी भूजल मूल्यमापनाची रूढ प्रमाणं झिजलेल्या बसाल्टला सुमारे ७ टक्के आणि मांजऱ्या किंवा भेगांच्या बसाल्टला सुमारे १३ टक्के अशी आहेत. मधला १० टक्के धरला तर ५ लाख घनमीटर. मग उपग्रहाने दाखवलेली शेततळी. एका ३० बाय ३० बाय ३ च्या तळ्यात उतार धरून २,१९६ घनमीटर पाणी मावतं. १०० तळ्यांचे झाले साधारण २.२ लाख.

५ अधिक २.२. एकूण ७.२ लाख घनमीटर पाणी रब्बीसाठी हाताशी, असा आमचा पहिला ताळेबंद.

तो ग्रामसभेत मांडायला तीन आठवडे होते, आणि जुळत नव्हता. मॉडेल म्हणत होतं की फेब्रुवारीअखेर विहिरींत बरंच पाणी शिल्लक असायला हवं. टेप म्हणत होता, नाही.

चूक कुठे होती

इथे आम्ही जे केलं ते लिहायला जड जातं, पण या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

मॉडेलमध्ये एक आकडा असतो: खडक भिजला तर त्यातून किती पाणी सुटून विहिरीत येईल. बसाल्टसाठी तो १ ते ३ टक्के मानतात. आम्ही २ टक्के धरला होता. म्हणजे २० मिलिमीटर पाणी मुरलं की विहिरींची पातळी १ मीटर चढेल, आणि तेवढंच उपसलं की १ मीटर उतरेल. आम्ही हा आकडा २ वरून १ टक्क्यावर आणला. तेवढ्याच उपशाला उतार दुप्पट झाला, फेब्रुवारीची पातळी बरोबर खाली आली, आलेखावर मॉडेलची रेघ आणि टेपचे ठिपके एकावर एक बसले. खोलीत सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

पण १ टक्का धरल्यावर पावसाळ्यातली चढही दुप्पट व्हायला हवी. ५० मिलिमीटर मुरलं तर २ टक्क्यांनी अडीच मीटर, १ टक्क्याने ५ मीटर. विहिरी तेवढ्या चढल्या नव्हत्या. यावरही आमच्याकडे उत्तर तयार होतं: थर भरल्यावर जादा पाणी ओढ्याला गेलं असेल. अशी उत्तरं नेहमीच सापडतात. एका चुकीला झाकायला दुसरं गृहीतक पुढे आलं आणि दोन्ही मिळून आलेख छान दिसू लागला. आमची आधीची घाई आणि ग्रामसभेची तारीख, यांनी आम्हाला तिथेच थांबवलं असतं.

थांबवलं नाही ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे उष्णतेच्या फोटोंवरून काढलेलं पिकांचं पाणी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पिकांनी उडवलेलं पाणी ७.२ लाखांच्या जवळपासही नव्हतं, ते ५ लाखांच्या आसपास घोटाळत होतं. मग वरचे २ लाख होते कुठे? ना विहिरीत, ना पिकात, आणि मार्चमध्ये तर तळ्यांतही नाही.

दुसरी गोष्ट तारखांची. आमच्या गटातल्या सर्वात नवख्या मुलीनं शेततळ्यांचे फोटो एका ओळीत तारखेने लावले. पावसाळ्यातल्या ढगांमुळे मधले बरेच फोटो निकामी होते, तरी चित्र स्पष्ट होतं. तळी ऑगस्ट-सप्टेंबरात भरत नव्हती. ती भरत होती ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, नोव्हेंबरात, काही तर डिसेंबरात. शाळेच्या वहीत त्या दिवसांपुढे ‘०.०’ लिहिलेलं होतं.

पाऊस नाही, ओढ्याचं पाणी चढत नाही, मग तळं भरतं कशानं?

तरीही फोटोवर एकदम विश्वास ठेवणं धोक्याचं होतं. काळा कागद उन्हात रिकामा पडला असला तरी उपग्रहाला पुष्कळदा पाण्यासारखाच दिसतो. म्हणून मी स्वतः पठारावर गेले, मुक्काम केला. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रपाळीची होती. मध्यरात्रीनंतर लाइट आली आणि चहूकडच्या मोटरी एकदम सुरू झाल्या. ज्यांच्या बांधावर मी उभी होते त्या तात्यांनी बॅटरीचा उजेड तळ्यावर टाकला. विहिरीतून आलेला तीन इंची पाइप भरावावरून आत सोडलेला, त्यातून पाणी कागदावर फडफडत पडत होतं.

“पावसानं भरतंय व्हय हे?” तात्या म्हणाले. “चारी अंगानं भराव हाय, ओढ्याचं पाणी वर चढंल कसं? विहिरीला हाय तवर काढून ठिवायचं, ताई. आपुन नाय काढलं तर शेजारचा ओढून नेतो. तळ्यात आलं की माझं.”

‘तळ्यात आलं की माझं’ या चार शब्दांत ती सगळी अर्थव्यवस्था आली. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं असतं, म्हणजे जो आधी उपसेल त्याचं. कागदावर आलं की ते मालकीचं होतं. तात्या काही वाईट वागत नव्हते. डाळिंबाच्या बागेवर कर्ज असलेला कुणीही शहाणा माणूस हेच करेल.

म्हणजे शेततळ्यांतलं २.२ लाख घनमीटर पाणी हे नवं पाणी नव्हतंच. ते त्याच ५ लाखांतलं होतं. आम्ही एकदा ते खडकात मोजलं आणि पुन्हा एकदा कागदावर. वर उपग्रहाच्या नकाशात पाण्याचं क्षेत्र दरवर्षी वाढताना दिसत होतं, आणि ते वाढतंय म्हणून सगळे खूश होते. खरं तर विहिरीतलं झाकलेलं पाणी वर काढून उन्हात पसरलं जात होतं. २.२ लाख घनमीटर म्हणजे सगळ्या पाणलोटावर २२ मिलिमीटर. २ टक्क्यांच्या हिशेबाने संपूर्ण थराची पातळी १ मीटरहून जास्त उतरते. वाडीच्या विहिरीला उन्हाळ्यात तेवढंच पाणी तर लागत होतं.

आणि बाष्पीभवन. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर धरलं तर भरलेल्या एका तळ्यावरून रोज ७,२०० लिटर उडून जातं. १०० तळी भरलेली असली तर ७ लाख २० हजार लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने ते १३ हजार माणसांचं रोजचं पाणी होतं. मे महिन्यात तळी अर्धी-रिकामी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी भरतो. तरीही वाडीत माणसं आहेत शेकड्यांत.

समोरचे पर्याय

खरा ताळेबंद हाती आल्यावर प्रश्न होता की करायचं काय.

सर्वात सोपा पर्याय आणखी कामं करण्याचा. नवा बंधारा, आणखी खोलीकरण. त्याला निधी मिळतो, काम दिसतं, उद्घाटन होतं. पण मॉडेलनुसार साधारण पावसाच्या वर्षी ओढ्यात अडवण्यासारखं फार काही उरत नव्हतं, आणि वाईट वर्षी तर अपधावच नसतो. रिकाम्या बंधाऱ्यांच्या रांगेत आणखी एक बंधारा एवढंच त्याचं फळ.

वाडीसाठी खोल बोअर हा दुसरा. पाषाणात भेग लागली तर नशीब. लागली तरी ती किती दिवस पुरेल हे सांगता येत नाही. पूर्वी घेतलेल्या दोन बोअरचे पाइप वाडीत अजून उभे आहेत, कोरडे.

ठिबक आणि तुषार वाढवा, असंही सुचवलं गेलं. ठिबकने पाणी वाचतं हे खरं, पण या पठारावर वाचलेलं पाणी खाली राहत नव्हतं, त्यावर शेजारचं आणखी अर्धा एकर हिरवं होत होतं. पूर्वी पाटाने दिलेल्या पाण्यातलं काही परत मुरायचं, तेही थांबलं. पिकाचं बाष्पोत्सर्जन कमी होत नाही तोवर विहिरीला फरक पडत नाही, आणि ते शिवारभर वाढतच होतं.

शेततळी भरण्यावर सरसकट बंदी? कागदोपत्री चांगली. १९९३ च्या कायद्यापासून सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. पण इथल्या विहिरी जुन्या होत्या आणि बहुतेक ५०० मीटरच्या बाहेर. जमिनीवरून मोजलेलं अंतर आणि जमिनीखालची वाट यांचा काही संबंध नसतो. शिवाय रात्री दोन वाजता मोटर बंद करायला जाणार कोण?

शेवटचा पर्याय मॉडेलशी खेळता खेळता हाती आला. तळी भरूच नयेत असं नाही, ती कधी भरायची हे बदलून पाहिलं. सप्टेंबरात थर तुडुंब असतो, ओढा वाहत असतो, म्हणजे जमिनीखालचं पाणीही कडेकडेने सांडत असतं. त्या वेळी विहिरीतून उपसून तळं भरलं तर थरात जागा होते आणि पुढचा पाऊस ती भरून काढतो. ओढा आटल्यावर उपसलेला प्रत्येक लिटर मात्र थेट फेब्रुवारीच्या वाट्यातला जातो. सारखंच पाणी, सारखंच तळं, फक्त तारीख वेगळी आणि वाडीच्या विहिरीवर परिणाम पूर्ण वेगळा.

यात एक काटा होता आणि तो आम्ही लपवला नाही. ओढ्यातून सांडून जाणारं पाणीही कुणाचं तरी असतं. वाडीच्या खालचं गाव आमच्या नकाशाबाहेर होतं.

काय केलं

ग्रामसभेआधी एका गोष्टीवर आमच्यात वाद झाला. नकाशा गट नंबरासकट दाखवायचा का? दाखवला तर कुणाचं किती हिरवं हे उघड होणार, आणि सभा पाण्याऐवजी भावकीवर जाणार. १०० मीटरच्या चौकोनावरून एका गटावर बोट ठेवणं शास्त्राला धरूनही नव्हतं. आम्ही गट नंबर काढले आणि शिवाराची नावं ठेवली.

फ्लेक्सवर छापलेला नकाशा मंदिराच्या फरशीवर अंथरला. लोक चपला काढून त्यावर उभे राहिले, आपापली विहीर शोधू लागले. मी पहिला ताळेबंदही दाखवला, चुकीचा, आणि चूक कशी झाली तेही. ते सांगताना अवघड वाटलं, पण त्यानंतरच पठारावरच्या लोकांनी मान हलवली. “म्हंजे तळं म्हंजे विहीरच,” एक आबा म्हणाले. तेवढं एक वाक्य वर आणि खाली दोन्हीकडे पुरलं.

नियम तीन ठरले. पहिला: ओढ्यावरच्या शेवटच्या सिमेंट बंधाऱ्याच्या सांडव्यावरून पाणी चालू आहे तोवर विहिरीतून शेततळं भरायचं. सांडवा कोरडा पडला की बंद. हा नियम पाळायला उपग्रह लागत नाही, मॉडेल लागत नाही. येता-जाता कुणालाही दिसतं. मॉडेलमधून निघालेल्या तारखेपेक्षा सांडवा चांगला, हे सरपंच ताईंनी सुचवलं आणि त्यांचंच बरोबर होतं, कारण तारीख दर वर्षी वेगळी असते.

दुसरा: तीन साक्षीदार विहिरी. एक पठारावर, एक कड्याच्या तोंडाशी, एक वाडीची. लेव्हल मशीन लावून तिघींची तोंडं एका पातळीत मोजून घेतली आणि आतल्या बाजूला तांबड्या रंगाच्या खुणा केल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाणी कोणत्या खुणेवर आहे त्यावरून त्या वर्षी गावरान कांदा किती घ्यायचा हे ग्रामसभेत ठरवायचं.

तिसरा, सर्वात नाजूक. वाडीच्या विहिरीला जाणाऱ्या थरावर, कड्याच्या अगदी तोंडाशी दोन विहिरी होत्या. त्यांच्या मालकांनी उन्हाळी पीक न घेता हरभरा-ज्वारीवर थांबायचं. दोघेही तयार झाले.

उपग्रहाचं काम पुढेही चालू ठेवलं, पण पहारेकरी म्हणून नाही. दर दहा-पंधरा दिवसांनी शिवारवार हिरवं क्षेत्र काढून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचं, आणि शेजारी तीन विहिरींची पातळी.

काय झालं

पाऊस बरा असलेली पहिली वर्षं काहीच सिद्ध करत नव्हती. सांडवा बराच काळ वाहिला, तळी भरली, नियम मोडायची कुणाला गरज पडली नाही. तेव्हा लोक आम्हाला श्रेय देत होते, ते आम्ही घ्यायला नको होतं.

परीक्षा २०२३ ला झाली. देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट. शाळेच्या वहीत ‘०.०’ च्या रांगा लागल्या. सांडवा जेमतेम काही दिवस ओलावला. ऑक्टोबरात कड्याच्या तोंडाशी असलेल्या विहिरीत पाणी खालच्या खुणेच्याही खाली होतं. राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला.

ग्रामसभेनं कांद्याचं क्षेत्र कमी करायचं ठरवलं आणि फोटोंमध्ये ते कमी झालेलं दिसलं. शेततळ्यांचा नियम मात्र सगळ्यांनी पाळला नाही. डाळिंबवाल्यांपैकी काहींनी सांडवा सुकल्यावरही रात्री तळी भरली. बाग वाळली तर चार-पाच वर्षांची मेहनत जाते, कांदा एका हंगामाचा असतो. एकाच नियमात दोघांना बसवताना हा फरक आम्ही धरला नव्हता.

वाडीची विहीर आटली. पण फेब्रुवारीत नाही, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, आणि टँकरचे दिवस कमी झाले. हे नियमामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. २०१८ आणि २०२३ चा पाऊस सारखा पडला नव्हता, आणि तुलनेला दुसरी वाडी आमच्याकडे नव्हती. मॉडेलमध्ये नियम काढून तेच वर्ष पुन्हा चालवलं तेव्हा विहीर आधी आटताना दिसली, एवढं म्हणता येतं. मात्र ज्या मॉडेलने एकदा फसवलं त्याच्याच साक्षीवर फार भिस्त ठेवू नये.

पुन्हा करायचं झालं तर

पहिलं म्हणजे ग्रामसभेची तारीख ठरवण्याआधी तात्यांच्या बांधावर रात्र काढायची. आम्ही उपग्रहापासून सुरुवात केली आणि विहिरीपाशी संपवलं. उलटं केलं असतं तर तीन आठवडे आणि तो १ टक्क्याचा खेळ वाचला असता. पाण्याचा कोणताही नवा साठा नकाशावर दिसला की ‘हे आलं कुठून’ हा प्रश्न आधी विचारायचा, तो हिशेबात कुठे मांडायचा ते नंतर. आता आमच्या तक्त्यात शेततळ्याच्या प्रत्येक ओळीपुढे ‘कशाने भरतं’ असा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मॉडेल जुळलं की थांबायचं नाही. चढ आणि उतार दोन्हीशी जुळतं का, आणि ज्या आकड्यावर ते बसवलं त्याच्याशी संबंध नसलेल्या तिसऱ्या मापाशीही जुळतं का, हे पाहायचं. आमच्या बाबतीत ते तिसरं माप पिकांच्या थंडाव्याचं होतं.

गट नंबर लपवण्याचा निर्णय मी आज तसाच्या तसा घेणार नाही. भांडण टळलं, पण सर्वात जास्त उपसा करणारेही त्या शिवाराच्या नावाखाली लपले. निदान शेततळ्यांची संख्या आणि ती भरल्याची तारीख मालकांच्या संमतीने फळ्यावर यायला हवी होती. ते उपग्रहाच्या चौकोनात नीट बसतं आणि जाऊन तपासताही येतं.

आणि ते दोन विहीरमालक. पाणलोटाच्या भल्यासाठी त्यांनी उन्हाळी पीक सोडलं आणि त्याबद्दल त्यांना काहीच मिळालं नाही. त्यातल्या एकानं २०२४ च्या पावसाळ्याआधी सरळ विचारलं, “वाडीची तहान माझ्याच वावरातनं का भागवायची? वर शंभर तळी हायेत.” त्यांचं म्हणणं न्यायाचं आहे. टँकरवर वाचलेल्या पैशातून त्यांना हंगामाची भरपाई देता येईल का, यावर ग्रामपंचायतीचं बोलणं चालू आहे. टँकर एका खात्याच्या पैशातून चालतो आणि भरपाई दुसऱ्या खात्याच्या पैशातून द्यावी लागेल, तिथे घोडं अडलं आहे.

राहिलं ते नकाशाबाहेरचं गाव. तिथल्या लोकांनी आमच्या सांडव्याचा नियम ऐकला आणि विचारलं की तुम्ही सप्टेंबरात तळी भरता तेव्हा आमच्याकडे ओढा किती दिवस कमी वाहतो. याचं उत्तर आमच्याकडे अजून नाही. यंदा वाडीच्या खालच्या शिवेवर, पुलाच्या खांबाला पट्टी रंगवली आहे. दोन्ही गावांचा एकेक माणूस पावसाळ्यात रोज सकाळी तिथे जाऊन पाण्याची उंची लिहितो, एकाच वहीत.